मोहाच्या तेलावरची फटफटी

आमच्या घरी मोटरसायकल आली त्या दिवशी ती सुरू करायला बाबांना एकतीस किका माराव्या लागल्या. मी मोजत होतो. एकतिसाव्या किकेला ती सुरू झाली आणि बाबा इतके दचकले, की त्यांनी ताबडतोब चावी फिरवून ती बंद केली. "लागली," कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "म्हणजे गाडी चांगली आहे." मग तिच्यावर आईचे जुने लुगडे पांघरून ते जेवायला बसले. आई भात वाढता वाढता म्हणाली, "चांगली आहे हे समजाले एवढं हापसा लागते, तं खराब असती तं का केलं असतं?"

बाबा हिवताप खात्यात होते. एटापल्लीच्या पुढे जंगलात विखुरलेली नऊ गावे त्यांच्याकडे होती, आम्ही राहायचो ते धरून नऊ. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावी जायचे, घरोघर कोणाला ताप आहे का विचारायचे, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराजवळच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची, असे ते काम. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. बाबा दर वेळी सांगत, "मी डॉक्टर नोहो, कर्मचारी आहो." लोक म्हणत, "बरं, डॉक्टर." ही सगळी फेरी बाबा सायकलने करत. ती एकशे बारा किलोमीटरची होती. चाकाचा घेर दोरीने मोजून आणि एका आऱ्याला फडके बांधून ते किती वेळा फिरते हे एका गावापर्यंत मोजून मी हा आकडा काढला होता. बाकीची गावे वेळेच्या प्रमाणात धरली होती. त्यात चूक असलीच तर तीन किलोमीटरपेक्षा जास्त नसावी. मी दहावीला इंग्रजीत सहा गुणांनी गेलो होतो, म्हणून ते वर्ष घरी होतो, आणि बाबांचे महिन्याचे तक्ते मीच भरत असे. बाबा मला 'मुनीम' म्हणत. आईला ते आवडत नसे. तिच्या मते मुनीम दुसऱ्याच्या दुकानात असतात.

मोटरसायकल पाहिजे हे बाबांच्या डोक्यात आठ वर्षे होते. ते कधी तसे बोलून दाखवत नसत. पण सायकलवर चढ लागला की तोंडातल्या तोंडात फटफटीचा आवाज काढत, आणि चढ सरला की तो बंद करत. सायकलच्या दांड्यावर बसून मी तो स्वतः ऐकला आहे. एकदा मी विचारले, "बाबा, चढावरच काऊन?" ते म्हणाले, "उतारावर तिची गरजच का आहे?" त्यांचा इतका विचार झालेला होता.

मग भद्रावतीहून देविदासमामांचे पत्र आले. हे आईचे धाकटे भाऊ, तिथल्या कारखान्यात कामाला, कॉलनीत राहायला. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमधले गृहस्थ बदलून चालले होते आणि त्यांना मोटरसायकल विकायची होती. किंमत मी इथे लिहीत नाही. आजच्या वाचकाला ती हसण्याइतकी कमी वाटेल, आणि आम्हाला ती हसण्यासारखी नव्हती. बाबा आणि मी एस.टी.ने गेलो. बाबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घेतली." मामा म्हणाले, "भाऊजी, चालवून तं पाहा." बाबा म्हणाले, "चालवता येत असती तं पाह्यली असती."

ती घरी आणायची कशी, हा प्रश्न बांबूने सोडवला. आमच्या जंगलातून बांबूचे ट्रक भरून बल्लारपूरकडे जात आणि रिकामे परत येत. अशाच एका रिकाम्या ट्रकमध्ये गाडी दोरांनी बांधून उभी केली. तरी बाबा सगळा वेळ तिच्यावर बसून, हँडल धरून होते. मी खाली या म्हटले तर म्हणाले, "वळणाची सवय होते." आष्टीच्या पुलावर समोरून बैलगाडी आली तेव्हा त्यांनी हॉर्नही वाजवला. बैलगाडीवाल्याने ट्रककडे पाहिले, वर बाबांकडे पाहिले आणि बैल बाजूला घेतले. म्हणजे बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकल चालवायच्या आधीच तिच्यावरून शंभरावर किलोमीटरचा प्रवास केला होता.

गावात लोक लिंबू आणि नारळ घेऊन जमले. चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी नेऊ नये, असे सगळ्यांचे मत पडले. बाबा म्हणाले, "आमच्यात ते नाई, भाऊ." लोकांना वाईट वाटले, त्यांनी तीन मैलांवरून लिंबे आणली होती. शेवटी आम्ही तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटले, आणि आईने त्याच लिंबांचे सरबत करून ज्यांनी आणली त्यांनाच पाजले. नारळही फोडून वाटला, पण खाण्यासाठी. त्या दिवशी घरात कोणाचाच अपमान झाला नाही, याचे श्रेय सरबताला आहे.

कच्चे लायसन्स हातात येईपर्यंत बाबांनी गाडी रस्त्यावर नेली नाही. सतरा दिवस ती अंगणात उभी होती आणि सतरा दिवस बाबा कामावरून आले की चहा तिच्यावर बसून घेत. नंतर ते शाळेमागच्या मैदानात शिकले. किती वेळा पडले ते मी मोजले होते, पण त्यांनी मला तो आकडा कुठे लिहू नको म्हणून सांगितले होते, आणि तो शब्द मी अजून पाळतो.

आता तेलाची गोष्ट. मामांनी गाडीबरोबर एक कागद दिला होता. त्यावर विकणाऱ्या गृहस्थांना विचारून सुवाच्य अक्षरात नऊ कलमे लिहिली होती. चौथे कलम असे होते: 'पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालणे. एक लिटरला पन्नास मिली. विसरल्यास इंजिन बसेल.' 'विसरल्यास'च्या खाली दोन रेघा होत्या. गाडीबरोबर आलेले पेट्रोल संपले तेव्हा आम्ही एटापल्लीला किराणा दुकानात गेलो. तिथे ड्रममधून कॅनमध्ये पेट्रोल मिळे. बाबांनी तेलाचे विचारले, तर दुकानदार म्हणाला, "खाचं का दिव्याचं?" बाबा क्षणभर विचार करून म्हणाले, "राहू दे. ते आहे घरी."

घरी तीन तेले होती: जवसाचे, खोबऱ्याचे आणि टोळीचे. टोळी म्हणजे मोहाची बी. उन्हाळा सरताना आई ती वेचायची, फोडून वाळवायची आणि गावातल्या लाकडी दाबावर तिचे तेल काढून आणायची. आमच्याकडे भाजीला आणि तळणाला हेच तेल असे. कोणते तेल घालायचे यावर जेवताना चर्चा झाली. आई म्हणाली, "जवसाचं नोका टाकू, चिकट होते. कढई घासून घासून माझे हात जाते." बाबांनी खोबऱ्याचे नाव काढले. "मी डोक्याले बोटभर लावते, अन् गाडीले शिशीभर? तिचे का केस वाढवाचे आहेत?" मग बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी विचार करून सांगितले, की कलमात तेलाचे नाव दिलेले नाही, त्या अर्थी कोणतेही चालत असावे. आणि इंजिन तापते, त्या अर्थी जे तेल तापवून तळण करायचे तेच बरे. आज मागे पाहिले तर या तर्कात मला दोष सापडत नाही. माहितीच अपुरी होती. बाबांच्या पेटीतल्या मापाच्या शिशीने मी तीन लिटरला बरोबर दीडशे मिली तेल मोजले, एक थेंब इकडेतिकडे होऊ दिला नाही, आणि टाकीत ओतले.

गाडी चौथ्या किकेला लागली. तशी ती पूर्वी कधीच लागली नव्हती. बाबा खूश झाले. "घरचं खाल्लं का अंगाले लागते," ते म्हणाले. मग तिच्यामागून निळा धूर निघाला, अंगणभर पसरला, आणि आई चुलीकडे धावली. तिला वाटले कढई चुलीवर राहिली. कढई खुंटीला होती. वास गाडीला येत होता. अगदी स्पष्ट, तळणाचा वास, लग्नघरी मांडवामागे येतो तसा. बाबा गावातून एक चक्कर मारून आले तेव्हा त्यांच्यामागे गावातली सात कुत्री होती. ती भुंकत नव्हती. शेपटी हलवत, शिस्तीत चालत होती.

त्या रविवारी लालसू आजा बाजाराला जाताना नेहमीसारखा आमच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबला. हा नाल्याकडच्या गावचा म्हातारा, उंच आणि काटक. तो सगळ्यांना अरे-तुरे करी, साहेबांनाही. आठ वर्षांत त्याने बाबांना बोट दिले नव्हते. "रक्त माह्यं आहे, तुह्या काचेले काऊन देऊ?" हे त्याचे ठरलेले उत्तर. त्याने पाणी पिऊन झाल्यावर गाडीभोवती फिरून वास घेतला.

"हे मोह पेते?"

"फुलाचं नाई, आजा. बीचं तेल," बाबा म्हणाले.

"मोह तं मोहच," आजा म्हणाला. "तू घेत नाई, तुही गाडी घेते. चांगलं आहे. घरात एकानं तरी घ्यावं."

पाचवे शील मद्याचे. बाबांनी ते आयुष्यभर पाळले आणि इतरांनाही सांगितले. म्हणून आजाचे बोलणे त्यांना थोडे लागले. पण गाडी चालत होती, आणि चढावर तोंडाने आवाज काढायची गरज उरली नव्हती.

पावसाळ्यात रस्ते बंद, बाबा पायीच फिरले. भाद्रपद सरता सरता चिखल वाळला, तापाचे खरे दिवस सुरू झाले, आणि बाबा रोज सकाळी फटफटीवर निघू लागले. सायकलवर जिथे दीड तास लागे तिथे ते पंचवीस मिनिटांत पोचत. आणि महिनाअखेर मी तक्ता भरायला बसलो तर बेरीज त्रेचाळीस आली. मागच्या वर्षी याच महिन्यात, सायकलवर, एकशे अठरा काचपट्ट्या गेल्या होत्या. मी बेरीज तीनदा केली. पुढच्या महिन्यात ती एकोणचाळीस झाली, आणि एटापल्लीहून साहेबांचे पत्र आले. वाहन घेतल्यापासून आपले काम घटले आहे. वाहनाचा उपयोग इतरत्र होत आहे काय, याचा खुलासा करावा. दोन महिन्यांत सुधारणा न झाल्यास आपल्याकडील गावे काढून घेऊन आपणास भांडारात बसवण्यात येईल.

बाबा नेहमी दोनदा भात घेत. त्या दिवशी एकदाच घेतला. भांडारात बसणे म्हणजे गोळ्यांचे डबे मोजणे. मला ते काम आवडले असते. पण बाबांना त्या नऊ गावांतल्या प्रत्येक घराचे दार माहीत होते, कोणाला कोणत्या वर्षी थंडी वाजून ताप आला होता हे तोंडपाठ होते. शेजारच्या गटात काम करणारा एक जण सांत्वनाला आला आणि त्याने सोपी वाट सांगितली. "एकाच बोटाचं रक्त दहा काचांवर लावाचं. वरते कोण पाहून राह्यलं?" बाबांनी त्याला चहा दिला, पण पुन्हा घे म्हटले नाही. तो गेल्यावर म्हणाले, "एक माणूस दहादा बरा होत नसते." आई म्हणाली, "ते सोडा. गाडी इका. ते आल्यापासूनच हे झालं." बाबा बाहेर जाऊन गाडी पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

मी मात्र तक्ते घेऊन बसलो. मागच्या वर्षीचे आकडे एका बाजूला, या वर्षीचे दुसऱ्या बाजूला, गाववार. तेव्हा एक गोष्ट दिसली. आमचे गाव सोडले तर सहा गावांचे आकडे कोसळले होते. दोन गावांचे नव्हते: एकाचे मागच्या वर्षी अकरा, या वर्षी दहा, दुसऱ्याचे नऊ आणि नऊच. ही दोन गावे डोंगरावर होती. तिथे गाडी चढत नसे, म्हणून बाबा ती पायथ्याशी ठेवून चालत जात. मी बाबांना तक्ता दाखवला आणि म्हणालो, "जिथी गाडी जात नाई, तिथी काम चांगलं आहे." बाबांनी तक्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला मुनीम म्हटले नाही.

रविवारी आजा पाणी प्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला सरळच विचारले. आजा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"अरे, तुही सायकल चोरावानी याची. माणूस दारात, तं तू सुई घेऊन उभा. आता तू नाल्यापलीकडं असतो अन् वास आमच्या गावात येते. पोरं पळतात. बाया पळतात. तापवाला तं सगळ्याच्या आंधी पळते."

"अन् तू, आजा?"

"मी का येडा आहो? मी बी पळतो."

आई दारात उभी राहून ऐकत होती. गाडी विकायचा विषय ती पुन्हा काढणार असे मला वाटले. ती म्हणाली, "बरोबरच आहे लोकाईचं. वास गुलगुल्याचा अन् हातात सुई. असा खोटा वास घेऊन गावात गेल्यावर कोण थांबन?" मग थोड्या वेळाने, जणू भाजीचे काही बोलत असावी तशी म्हणाली, "वास बदलता येत नसन, तं खरा करा."

दुसऱ्या दिवशी तिने गुलगुले तळले. कणीक आणि गूळ, लिंबाएवढे गोळे, टोळीच्या तेलात. बाबांच्या रक्तपेटीशेजारी ॲल्युमिनियमचा डबा बांधला गेला. पहिल्या खेपेस मी बाबांबरोबर गेलो. गावात शिरताच पळापळ झाली. बाबांनी गाडी पिंपळाखाली लावली, डबा उघडून ठेवला आणि सुईला हातच लावला नाही. अर्ध्या तासाने एक पोर आले. मग चार. मग मोजायला कठीण जावे इतकी आली.

आता नवीन अडचण उभी राहिली. रक्त घ्यायचे ते फक्त ताप असलेल्याचे. बाबांनी जाहीर केले, की ज्याने बोट दिले त्याला गुलगुला. झाले, गावातल्या प्रत्येक पोराला ताप आला. बाबा कपाळाला हात लावत आणि कपाळ खरेच गरम लागे, कारण पोरे आधी चुलीजवळ बसून येत. एकाने तर कपाळाला राख तशीच ठेवली होती. बाबांनी तिसऱ्या गावापासून नियम बदलला: गुलगुला येईल त्याला, सुई ताप असेल त्यालाच. मला वाटले आता सुईजवळ कोणी येणार नाही. पण जत्रेसारखी गर्दी झाली की तापवाला घरात कोपऱ्यात एकटा पडून राहत नाही. त्यालाही कोणीतरी हाताला धरून पिंपळाखाली आणते. त्या महिन्याची बेरीज एकशे एकतीस आली.

यावर साहेबांचे दुसरे पत्र आले. एकाएकी झालेली वाढ संशयास्पद असून समक्ष तपासणी केली जाईल. कमी झाले म्हणून पत्र, जास्त झाले म्हणून तपासणी. पुढे मी स्वतः सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि हे मला कधी नवीन वाटले नाही.

साहेब आले ते ऐन थंडीत, सकाळी सात वाजता. मफलर, हातमोजे आणि चेहऱ्यावर पुण्याकडचा कोरडेपणा. "तुमच्या गाडीवरूनच जाऊ," ते म्हणाले. बाबांनी किक मारली. पुन्हा मारली. साहेब घड्याळ पाहू लागले. मी मनात मोजत होतो; चव्वेचाळीस झाल्या तेव्हा आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि अगदी सहज म्हणाली, "काऊन हापसून राह्यले? तेल गोठलं असन. ऊन येऊ द्या."

"कोणते तेल?" साहेबांनी विचारले.

"टोळीचं," आई म्हणाली. "थंडीत गोठतेच ते. शिशीतलं बी गोठलं, पाहा ना." आणि तिने आतून शिशी आणून साहेबांच्या हातात दिली. तेल तुपासारखे पांढरे होऊन थिजले होते. साहेबांनी शिशी उलटी केली. काही पडले नाही.

"हे तुम्ही गाडीत घालता?"

"एक लिटरला पन्नास मिली," मी म्हणालो. प्रमाणाबद्दल तरी शंका नको, असे मला वाटले.

साहेबांनी शिशी सरळ करून आईला परत दिली. आईने गरम पाण्यात फडके पिळून टाकीला गुंडाळले, वर घोंगडे टाकले, आणि आजारी माणसाजवळ बसावे तसे आम्ही सगळे गाडीभोवती चहा घेत बसलो. ऊन अंगणात आल्यावर ती सहाव्या किकेला लागली. साहेब मागे बसले, डबा त्यांच्या मांडीवर दिला, आणि मी सायकलने मागून निघालो. वाऱ्याबरोबर वास आधी पुढे जात होता. मी पोचेपर्यंत पिंपळाखाली बाबांभोवती तेहतीस पोरे आणि सोळा मोठी माणसे होती, आणि साहेब स्वतःच्या हाताने गुलगुले वाटत होते. आठ जणांना ताप होता. साहेबांनी आठही कपाळांना हात लावून पाहिला. डब्यातले चार गुलगुले मला हिशेबात सापडले नाहीत. साहेबांच्या हातमोज्यांना तेल होते, इतकेच मी सांगू शकतो.

परत येताना एटापल्लीच्या अलीकडे गाडी एकदा खोकली आणि जी बंद पडली ती पडलीच. बाबा आणि साहेब दोघांनी ती ढकलत मिस्त्रीच्या टपरीपर्यंत नेली. मिस्त्रीने सायलेन्सर काढून दगडावर आपटला, तसा आतून जळक्या कढईच्या खरपुड्यासारखा काळा गठ्ठा बाहेर पडला. मिस्त्रीने तो नाकाशी धरला. "डॉक्टर," तो म्हणाला, "इसमें क्या तलते थे?" मग त्याने फळीवरून एक डबा काढला आणि गाडीचे तेल वेगळे असते, ते असे असते, हे बाबांना दाखवले. बाबांनी डबा हातात घेऊन त्यावरची अक्षरे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. साहेबांनी तपासणीच्या वहीत तिथेच उभ्याने शेरा लिहिला. तो मला पाठ आहे: 'काम समाधानकारक. वाहनास योग्य तेल वापरण्याची समज दिली.'

योग्य तेलावर गाडी दुसऱ्या किकेला लागू लागली. धूर कमी झाला, वास गेला, कुत्रीही गेली. बाबा गुलगुल्यांचा डबा घेऊन नेहमीसारखे फेरीवर निघाले आणि नाल्याकडच्या गावात फक्त दोन काचपट्ट्या झाल्या. फटफटीचा आवाज तेंदूपानांच्या ठेकेदाराच्या गाडीलाही होता, जंगलखात्याच्या माणसाच्या गाडीलाही होता. त्या आवाजाला लोक दार लावून घेत. डबा तसाच भरलेला घरी आला. आईने झाकण उघडून पाहिले आणि बंद केले.

पुढच्या फेरीच्या सकाळी बाबांनी तिच्याकडे टोळीच्या तेलाची शिशी मागितली. मला वाटले पुन्हा टाकीत. पण त्यांनी जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडली, तिला तेल लावले आणि सायलेन्सरला तारेने बांधली. गाडी सुरू झाली, सायलेन्सर तापला, आणि अंगणात लग्नघर परत आले.

नाल्याकडच्या गावात आम्ही शिरलो तेव्हा पोरांच्याही पुढे, अंगावर घोंगडी ओढून, काठी टेकत, लालसू आजा उभा होता. त्याचे ओठ थरथरत होते.

"मागच्या खेपेस काऊन नाई आला?"

"आलो होतो, आजा."

"खोटं नोको बोलू. मी रोज वास पाहून राह्यलो होतो. वीस दिवस झाले, थंडी वाजते अन् ताप येते. वास नाई आला, तं मी म्हटलं, डॉक्टर दुसऱ्या मुलखात गेला."

बाबांनी डबा पुढे केला. आजाने एक गुलगुला घेतला, अर्धा खाल्ला, उरलेला घोंगडीच्या टोकाला बांधला. मग इकडेतिकडे पाहिले, पोरांना "तोंड फिरवा" म्हणून दरडावले, आणि बोट पुढे केले.  बाबांनी सुई एकदा खाली ठेवून पुन्हा उचलली.

आजाचा ताप सहाव्या दिवशी उतरला. त्याने पुन्हा कधी बोट दिले नाही. गुलगुला मात्र प्रत्येक खेपेस घेतला. आता चंद्रपुरात माझ्या मुलीकडे विजेवरची स्कूटर आहे. ती दारात येऊन उभी राहते तरी मला कळत नाही, आणि मी मुलीला हे बोलून दाखवले की ती हसते. बाबांची फटफटी आमच्याकडे अकरा वर्षे राहिली. चिंधी ते दर फेरीला नवी बांधत. तिला तेल किती लावायचे ते मी प्रयोग करून ठरवले होते: पाच थेंब, जास्त नाही. मी मोजून पाच टाकायचो आणि शिशी आईकडे द्यायचो. बूच लावायच्या आधी ती सहावा टाकायची.